फोल्डरचा रंग कशासाठी वापरायचा?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. आयकर, जीएसटी, टीडीएस आणि थोडं ऑडिट. तीन कॉम्प्युटर आणि एक सामाईक ड्राइव्ह. सगळीकडे विंडोज.

जुलै महिन्यात दिवसभर एकच फोन वाजत असतो, "साहेब, आमच्या रिटर्नचं काय झालं?" प्रत्येक वेळी फोल्डर उघडा, आतल्या फाइली बघा, ज्याच्याकडे काम आहे त्याला हाक मारा आणि मग उत्तर द्या. हे मला नको होतं. फोल्डर न उघडता, नुसत्या यादीकडे बघून उत्तर मिळायला हवं.

त्यासाठी मी रंग वापरतो. बरेच जण रंग देतात तो प्रकाराला: जीएसटी निळा, आयकर हिरवा, टीडीएस पिवळा. माझं ठाम मत आहे की इथे रंग वाया जातो. फोल्डरच्या नावातच 'जीएसटी' लिहिलेलं असतं, तेच रंगाने पुन्हा सांगून काय मिळवलं? प्रकार वर्षभर बदलत नाही. बदलतं ते काम कुठे अडलंय हे. म्हणून माझ्याकडे रंग एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: आता पुढची हालचाल कोणी करायची?

लाल: पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, कागद यायचेत. बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, घरकर्जाचं व्याजाचं सर्टिफिकेट, काहीही. चेंडू त्यांच्याकडे.
नारिंगी: कागद आलेत, काम आमच्या टेबलावर.
निळा: तयार आहे, माझ्या तपासणीसाठी थांबलंय.
जांभळा: रिटर्न भरलं, पण ई-व्हेरिफाय (पार्टीच्या ओटीपीने ऑनलाइन पडताळणी) व्हायचंय.
राखाडी: संपलं.

जांभळा वेगळा ठेवण्याला कारण आहे. रिटर्न अपलोड झालं की सगळ्यांना वाटतं काम झालं. पण तीस दिवसांत ई-व्हेरिफिकेशन झालं नाही तर ते रिटर्न वेळेत भरलं असं धरत नाहीत. पार्टी ओटीपी द्यायला 'उद्या करू' म्हणते आणि विषय सगळ्यांच्याच डोक्यातून जातो. जुलैअखेरीस यादीत जांभळे फोल्डर किती उरलेत ते मी रोज संध्याकाळी बघतो.

रंग स्थितीला, नाव ओळखीला. नावात मी तीनच गोष्टी ठेवतो: पार्टी, काम, वर्ष. मुदतीची तारीख नावात कधीच घालत नाही. २०२५ साली ऑडिट नसलेल्यांची ३१ जुलैची मुदत सरकारने १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली, त्यापुढे आणखी एक दिवस दिला. ज्यांच्या फोल्डरच्या नावातच '३१ जुलै' होतं, त्यांना एकतर सगळी नावं बदलावी लागली किंवा चुकीची नावं तशीच वागवावी लागली.

वर्षाबद्दल एक गोष्ट आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांनी आत्ताच करून ठेवावी. नुसतं '२०२६-२७' असं फोल्डरला नाव देऊ नका. जुन्या कायद्याप्रमाणे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ ची कमाई. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात 'कर वर्ष' आलं, आणि कर वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ ची कमाई. आकडा तोच, वर्षं दोन. तुमच्या ड्राइव्हवर या दोन्हींचे कागद एका फोल्डरात गेले तर निस्तरताना नाकी नऊ येतील. मी सगळीकडे 'आव २५-२६' असं आर्थिक वर्षच लिहितो. बाकीची वर्षं कागदाच्या आत राहू देत.

विंडोजवर रंग द्यायची पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन. तिथे आपली आयसीओ फाइल, म्हणजे आयकॉनच्या चित्राची फाइल, द्यायची. रोज एवढ्या पायऱ्या चढायला कोणी तयार होत नाही, म्हणून मी फोल्डर पेंटर नावाचं मोफत साधन टाकलंय. राइट क्लिकच्या मेनूतच रंग येतात.

तुम्ही काय करता? प्रकाराला रंग देणाऱ्यांचंही ऐकायचंय.

मोगरा२

वाचनखूण साठवली. आमच्या ऑफिसात एकशे एक पिवळे फोल्डर आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचं नाव 'न्यू फोल्डर'.

सरवा

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. 'एव्हरीथिंग' नावाचं शोधयंत्र टाका. नावाची तीन अक्षरं मारली की लाखभर फाइलींतून डोळ्याची पापणी लवायच्या आत हवी ती फाइल समोर. फोल्डरची रचनाच नको, मग रंग कशाला? सगळं एका ठिकाणी टाका आणि शोधा.

हिशेबनीस

सरवा, एव्हरीथिंग माझ्याकडेही आहे आणि दिवसातून कितीतरी वेळा वापरतो. पण शोधायला आधी काय शोधायचंय ते ठाऊक असावं लागतं. 'पाटलांचं रिटर्न' मी शोधू शकतो. 'ज्यांचा मला विसर पडलाय अशी सगळी कामं' हे कुठल्या खिडकीत टाइप करू? रंग लागतो तो त्यासाठी. जी गोष्ट आठवत नाही तीही नजरेला पडली पाहिजे.

कागद_शाई

इचलकरंजीत डीटीपी आणि छपाई. आमच्याकडे रंगाने भागत नाही, चित्र लागतं. सांगतो का ते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मागच्या वर्षी आमच्या चुलतभावाची पत्रिका केली होती ना, गणपती उजव्या बाजूला, खाली मोराची नक्षी, तशीच करा." चुलतभावाचं नाव विचारलं तर फोल्डर सापडतो, पण पुष्कळदा पत्रिका नवरीकडच्या नावाने नोंदवलेली असते. लोकांना पत्रिका डोळ्यांसमोर दिसते, नाव आठवत नाही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचं चित्र सगळ्या कॉम्प्युटरवर उमटत नाही. ज्या मशीनवर कोरल नाही तिथे नुसतं कोरं पान दिसतं.

म्हणून पत्रिका पास झाली की तिची जेपीजी काढायची आणि त्याच फोल्डरात 'फोल्डर' या नावाने इंग्रजीत सेव्ह करायची, एक्स्टेन्शन जेपीजी. विंडोज ते चित्र फोल्डरच्या तोंडावर लावतं. व्ह्यू लार्ज आयकॉनवर ठेवला की पूर्ण लग्नसराईच्या पत्रिका भिंतीवर टांगल्यासारख्या दिसतात. गिऱ्हाइकाला खुर्ची फिरवून स्क्रीन दाखवायचा, ते बोट ठेवतं, "ही!"

आणि ज्यांच्याकडे जुना माल आहे त्यांना एक सांगणं. पूर्वी श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच उचलून फोल्डरच्या नावात चिकटवायची सवय होती. तो युनिकोड नाही, त्यामुळे नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फोल्डरचं नाव मराठीत हवं असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा.

चावडी

महसूल खात्यात आयुष्य गेलं, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कॉम्प्युटर आमच्याकडे उशिरा आला, पण हिशेबनीस जे सांगताहेत ते आम्ही कागदांच्या गठ्ठ्यांनी करायचो. सहा गठ्ठे पद्धत. शासकीय कार्यालयात काम केलेल्यांना लगेच आठवेल.

प्रत्येक कारकुनाच्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत असायचे. पहिला, ज्यावर आपल्यालाच कार्यवाही करायची आहे ती प्रकरणं. दुसरा, प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलंय आणि दुसऱ्या कार्यालयाचा अहवाल किंवा उत्तर यायचंय. तिसरा नियतकालिकांचा, ठरलेल्या तारखांना पाठवायची विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा, काम संपून अभिलेख कक्षात पाठवायचे कागद. सहावा, नष्ट करायचे.

बघा, विषयाचा यात कुठे संबंध नाही. बिनशेती असो, वारसनोंद असो की पाणंद रस्त्याचा वाद, गठ्ठा ठरतो तो कागद कोणाच्या हालचालीसाठी थांबलाय त्यावर. तपासणीला आलेले अधिकारी पहिला गठ्ठा नंतर बघायचे. आधी हात घालायचे दुसऱ्यात. कारण कामचुकार माणूस कागद तिथेच लपवतो. "साहेब, तहसीलकडून उत्तर आलं नाही" म्हटलं की सुटला. मग साहेब विचारायचे, स्मरणपत्र कधी पाठवलं?

हिशेबनीस, तुमचा लाल रंग म्हणजे आमचा दुसरा गठ्ठा. तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे: लाल फोल्डर किती दिवस लाल आहे, हे तुम्हाला कुठे दिसतं?

हिशेबनीस

काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. एक्सप्लोररमध्ये डिटेल्स व्ह्यू ठेवून 'डेट मॉडिफाइड' वर क्रम लावला तर अंदाज येतो, पण त्यावर विसंबता येत नाही. उपफोल्डरच्या आतली फाइल बदलली तर वरच्या फोल्डरची तारीख बदलत नाही, आणि कोणी सहज एखादी फाइल टाकून काढली तरी बदलते. तुम्ही सांगितलेलं स्मरणपत्र मी आजपासून सुरू करतो: लाल फोल्डरात एक टेक्स्ट फाइल, तिच्या नावातच शेवटच्या फोनची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२६-०७-०४ अशी. तारीख अशी लिहिली की नावाप्रमाणे लावलेला क्रम आपोआप काळाप्रमाणे लागतो.

चावडी

तेवढं पुरे. आणि शासकीय कागदांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायम जपायचा, 'ड' वर्षभराने काढून टाकायचा. तुमच्याकडे राखाडी फोल्डरांचं पुढे काय होतं?

हिशेबनीस

आयकराची हिशेबपुस्तकं जुन्या कायद्याप्रमाणे संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं, जीएसटीची वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपन्यांची आठ वर्षं. राखाडी झाले की एप्रिलमध्ये एकदम दुसऱ्या ड्राइव्हवर जातात, वर्षाप्रमाणे. तिथे रंगाची गरज नाही, सगळेच संपलेले.

शेवंती

मी महाविद्यालयात शिकवते आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडे प्रकारालाच रंग लागतो, कारण आमचे सात निकष ठरलेले आहेत आणि प्रत्येक निकषाची समिती वेगळी. तिसऱ्या निकषाचा कागद चौथ्यात गेला तर पुढे दोघीही शोधत बसतात. त्यामुळे वरच्या पातळीवर सात रंग, सात निकष. पण हिशेबनीसांचं वाचून आतल्या पातळीवर स्थितीचे रंग सुरू करते. तिसऱ्या निकषातले शोधनिबंध गोळा झाले, पण प्रत्येकाच्या पहिल्या पानाची प्रत आली का, हे आज मला कोणालातरी विचारूनच कळतं.

दोन अडचणी सांगते, विंडोजवाल्यांना उपयोगी पडतील. पहिली: विद्यार्थ्यांच्या कायम नोंदणी क्रमांकाला आमच्याकडे सगळेच पीआरएन म्हणतात, म्हणून नव्या सहकाऱ्याने त्या तीन इंग्रजी अक्षरांचा फोल्डर करायला घेतला. विंडोज ऐकेना. कितीदा करून बघितलं तरी 'हे नाव चालणार नाही' असाच निरोप. ही तीन अक्षरं डॉसच्या काळापासून प्रिंटरसाठी राखून ठेवलेली आहेत, तसंच सीओएन हे नाव. मागे वर्ष जोडलं की चालतं.

दुसरी अडचण मोठी. निकष, त्यात मेट्रिक (निकषातला उपमुद्दा), त्यात वर्ष, त्यात विभाग, त्यात कार्यक्रमाचं लांबलचक नाव, आणि आत अहवालाची फाइल, तिचं नाव पुन्हा तेवढंच लांब. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पलीकडे गेला की विंडोजमध्ये फाइल कॉपी होत नाही, कधी कधी उघडतही नाही. आणि हे कळतं ते शेवटच्या दिवशी पेनड्राइव्हवर घेताना. आता आम्ही नावं आखूड ठेवतो आणि कार्यक्रमाचं पूर्ण नाव अहवालाच्या आत.

दर्यावर्दी

पणजीहून. मी माहितीपटांचं संकलन करतो, मॅकवर. आमच्याकडे हे सगळं फाइंडरमध्येच, म्हणजे मॅकच्या फाइलींच्या खिडकीतच, आहे. टॅग म्हणतात त्याला, २०१३ च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा असे सात रंग आधीच असतात, त्यांना आपली नावं देता येतात: 'कच्चं', 'जोडणी चालू', 'आवाज बाकी', 'रंगदुरुस्तीला गेलं'.

खरी गंमत अशी की एका फोल्डरला एकाहून जास्त टॅग लावता येतात आणि स्मार्ट फोल्डर करून 'आवाज बाकी' असलेलं सगळं, ते कुठल्याही डिस्कवर असो, एका खिडकीत आणता येतं. हिशेबनीस, तुम्हाला फोल्डर एका यादीत असले तरच दिसतात, मला ते कुठेही असले तरी दिसतात.

मर्यादा ही की टॅग ॲपलच्या यंत्रांपुरते. तीच डिस्क विंडोजला लावली की रंग गायब.

करडा_निळा

सगळं वाचलं. माझ्या बाजूने एक विनंती आहे. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, जन्मापासून. पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा बरंच जास्त आढळतं, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असतं. ऑफिसात चार-दोन पुरुष असतील तर असा एखादा असू शकतो, आणि तो कदाचित बोलणारही नाही.

आमच्या आधीच्या ऑफिसात लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे पाठवा असं ठरवलेलं होतं. मला दोन्ही मातकट दिसायचे आणि मी प्रत्येक वेळी शेजाऱ्याला विचारायचो. शेजाऱ्याला कंटाळा येईपर्यंत.

उपाय साधा आहे. रंगाबरोबर आकारही बदला. आयकॉनवर एखादी जाड खूण ठेवा: प्रश्नचिन्ह, बाण, बरोबरची खूण. मात्र खूण एकच आणि जाड हवी. डिटेल्स व्ह्यूमध्ये आयकॉन सोळा पिक्सेलचा होतो, तिथे नाजूक चित्र म्हणजे नुसता डाग. आणि रंग निवडायचेच तर निळा-नारिंगी ही जोडी माझ्यासारख्या बहुतेकांना नीट दिसते.

हिशेबनीस

तुमचे मनापासून आभार. माझा निळा आणि नारिंगी योगायोगाने बरोबर जमलेत, पण निळा-जांभळा तुम्हाला एकच दिसेल असं वाटतं. जांभळ्यावर जाड बाण आणि लालवर प्रश्नचिन्ह घालतो.

नवी_पाटी

शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स मिंट आहे. त्यातल्या नेमो फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिक केलं की रंगाचे ठिपके येतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. उबुंटूवर 'फोल्डर कलर' नावाचं पॅकेज टाकावं लागतं. पण इथेही तेच, रंगाची नोंद त्या वापरकर्त्याच्या खात्यात राहते. मुलांनी फोल्डर पेनड्राइव्हवर नेला की रंग मागे राहतो.

मग रंग फोल्डरबरोबर जाण्यासाठी नावातच चिन्ह घातलं तर? विंडोजची कळ आणि टिंब एकत्र दाबलं की इमोजींची खिडकी येते, त्यातलं लाल गोल, निळं गोल नावाच्या आधी टाकायचं. ते सगळीकडे दिसतं.

हिशेबनीस

दिसतं, पण स्थिती बदलली की नाव बदलावं लागतं, आणि नाव बदललं की दुसऱ्या फोल्डरांतल्या एक्सेल फाइलींतून इथल्या फाइलींना जोडलेले दुवे तुटतात. ताळेबंदाच्या फाइलीत परिशिष्टं दुसऱ्या फोल्डरांतल्या फाइलींतून ओढलेली असतात. 'अपडेट लिंक्स' विचारतं आणि आकडे जुनेच राहतात. म्हणूनच मी 'चालू', 'झालेले' असे फोल्डर करून इकडून तिकडे हलवतही नाही. फोल्डर जागचा हलायचा नाही, नाव बदलायचं नाही, फक्त रंग बदलायचा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्या आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत असतो, त्यांना तर हातच लावू नका.

ढगातल्या साठवणीबद्दल व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलंय, इथेच सांगतो. विंडोज रंगाची माहिती त्या फोल्डरातल्याच 'डेस्कटॉप' नावाच्या लपलेल्या आयएनआय फाइलीत ठेवतं. वनड्राइव्ह या नावाची फाइल वर चढवत नाही, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोल्डर पिवळाच दिसतो. शिवाय वनड्राइव्हच्या स्वतःच्या खुणा असतात: निळा ढग म्हणजे फाइल फक्त वर आहे, हिरवी बरोबरची खूण म्हणजे इथेही आहे. मी 'संपलं' साठी हिरवा घेतला नाही तो यामुळेच. गूगल ड्राइव्हमध्ये ब्राउझरमध्ये फोल्डरला रंग देता येतो आणि तो छान दिसतो, पण तो एक्सप्लोररमध्ये उतरत नाही. आमच्या ऑफिसातल्या सामाईक ड्राइव्हवर मात्र सगळ्यांना दिसतो, अट एकच: आयसीओ फाइल आपल्या सी ड्राइव्हवर न ठेवता त्याच फोल्डरात लपवून ठेवायची आणि आयएनआयमध्ये तिचं नुसतं नाव लिहायचं.

ती आयएनआय फाइल फोल्डरबरोबर कॉपी होते हेही लक्षात ठेवा. मागच्या वर्षीचा फोल्डर कॉपी करून नवं वर्ष सुरू केलं तर नवा फोल्डर जन्मतःच राखाडी येईल. त्यासाठी एक कोरा नमुना फोल्डर करा, आतली रचना तयार आणि रंग लाल.

शेवंती

एकाच पार्टीची तीन कामं तीन रंगांत असतील तर वरच्या, पार्टीच्या फोल्डरला कुठला रंग देता? आमच्याकडे हाच घोळ होणार आहे.

हिशेबनीस

वरच्याला रंगच देत नाही, ताई. माझ्याकडे वरची पातळी कामाची आणि वर्षाची, त्यात पार्ट्या. म्हणजे 'आयकर आव २५-२६' उघडला की सगळ्या पार्ट्यांचे रंग एका यादीत. तुमच्याकडे वर निकष आहेत, ते तसेच राहू द्या. स्थितीचा रंग फक्त शेवटच्या पातळीवर, जिथे प्रत्यक्ष कागद असतात तिथे. मेट्रिकच्या फोल्डरला.

शेवंती

आणि रंग बदलायचा कोणी? मी एकटीने का ज्याने त्याने?

चावडी

ज्याच्या हातून कागद पुढे गेला, त्याने. आमच्याकडे जावक नोंद झाल्याशिवाय प्रकरण पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात जायचं नाही, आणि ती नोंद पत्र पाठवणाराच करायचा.